बाबांच्या कवळीला चालेल असा फो

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली की नवीन कवळी बसली खरी पण बाबा सारखी पेजच मागतात, आणि पेज समोर ठेवली की तोंड वाकडं करतात. तेव्हाच ठरवलं की तुम्हाला इथला, व्हिएतनामचा फो शिकवायचा. फोनवर सांगायला गेले तर आई मध्येच "वाटप कसला घालूचा?" विचारणार आणि बाबा अमेरिकेच्या युद्धावर घसरणार, म्हणून सरळ लिहूनच काढतेय, दादाला सांगून प्रिंट काढा आणि फ्रीजवर लावा.

फो म्हणजे तांदळाच्या चपट्या नूडल्स, वर मांस, कांद्याची पात, आणि त्यावर ओतलेलं गरमागरम पातळ सूप. आई, यात वाटप नाही, फोडणी नाही, हळद नाही, आणि मालवणी मसाल्याच्या डब्याला तर त्या दिवशी हातच लावायचा नाही. वाडग्याचा तळ दिसला पाहिजे इतकं नितळ पाणी, आणि सगळी चव त्या पाण्यात. हनोईत लोक सकाळी सहा-सातला फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर गुडघे वर करून बसतात आणि नाश्त्याला हेच भुरकतात. मूळचा बीफचा, पण तुमच्यासाठी कोंबडीचा सांगते, त्याला इथे फो गा म्हणतात. १९३९ च्या सुमारास सोमवारी आणि शुक्रवारी बाजारात बीफ मिळायचं नाही म्हणून विक्रेत्यांनी कोंबडी घालायला सुरुवात केली असं सांगतात, आणि जुन्या खवय्यांनी तेव्हा भरपूर नाकं मुरडली. आता कोंबडीवाल्यांकडेही उभं राहायला जागा नसते.

तर कोंबडी गावरानच आणा, अख्खी, दीड किलोच्या आसपास, तुकडे करून नको. इथले लोकही याबाबतीत आपल्यासारखेच हट्टी आहेत, ब्रॉयलर बघून तोंड फिरवतात. मोठ्या टोपात कोंबडी बुडेल एवढं गार पाणी, साधारण चार लिटर, थोडं मीठ आणि मध्यम गॅस. उकळी फुटायला लागली की वर करडा फेस येतो, तो झाऱ्याने काढत राहायचा, कंटाळा करायचा नाही, आणि फेस संपला की गॅस इतका बारीक की पाण्यावर एखाद-दुसरा बुडबुडा कुठेतरी फुटेल. इथेच सगळं ठरतं. खळाखळा उकळलं की चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप पांढुरकं गढूळ होतं, मग कितीही गाळा, ते काही नितळ होत नाही. झाकण घट्ट लावायचं नाही, आणि आई, कुकर तर बिलकूल नको, मला माहितीये तुझा हात तिकडेच जाणार.

तोवर दोन कांदे सालासकट आणि आल्याचा अंगठ्याएवढा मोठा तुकडा गॅसवर धरून चांगला काळा होईपर्यंत भाजायचा, मग वरचं काळं पुसून आतला मऊ कांदा आणि ठेचलेलं आलं टोपात. दोन चक्रीफुलं, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि चमचाभर धणे कोरडे भाजून फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडायचे. बीफच्या फोला लवंग, मसाला वेलची वगैरे जास्त घालतात पण कोंबडीला एवढंच पुरे, नाहीतर कोंबडी गप्प बसते आणि मसालाच बोलतो. खडीसाखरेचा एक खडा.

पाऊण-एक तासाने मांडीत सुरी खुपसून बघ, पाणी लाल आलं नाही म्हणजे कोंबडी झाली. ती उचलून थेट बर्फाच्या पाण्यात. माझी घरमालकीण, जिला आम्ही सगळे बा म्हणजे आजी म्हणतो, ती हे न चुकता करते, त्याने साल आवळून येते, पिवळी चकचकीत दिसते आणि मांस कोरडं पडत नाही. मग मांस सोडवायचं आणि हाडं परत टोपात, अजून दोन तास. आता कवळीचा मुद्दा. गावरान जरा चिवट असते, तर बाबांच्या वाटणीचं छातीचं मांस रेषांच्या आडवं, कागदासारखं पातळ काप. नूडल्स तर गिळल्या तरी जातात.

नूडल्स इथे बाजारात रोज ताज्या मिळतात. तांदूळ भिजवून वाटायचे, उकळत्या पाण्यावर ताणलेल्या कापडावर ते पीठ पातळ पसरून वाफवायचं, आणि तो ओला तलम पापड उचलून पट्ट्या कापायच्या. कुडाळात कुठे मिळणार ते, तर कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या सुपरमार्केटमधून सुक्या राइस नूडल्स आणायला सांगा, अर्धा तास साध्या पाण्यात भिजवून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढल्या की झालं. नाहीच मिळाल्या तर सरळ शिरवाळे पाड. इथे बुन म्हणून गोल शेवया असतात त्या आणि आपले शिरवाळे जवळजवळ एकच, त्यांच्या सुपाचं नाव वेगळं असतं पण तुम्हाला कोण विचारायला येतंय.

फिश सॉसचं मात्र नीट ऐका. बारीक मासळी, आपल्या मांदेलीच्याच कुळातली, मिठात घालून वर्षभर मोठ्या लाकडी पिंपात मुरवतात आणि खालून जे पाणी गळतं ते हे, फु क्वॉक बेटावरचं सगळ्यात नावाजलेलं. बाटली उघडल्यावर घरभर सुकटीचा वास सुटेल, बाबा खूश होतील. पण एका टेबलस्पूनमध्ये दीड ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं आणि दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमची, त्यामुळे बाबांच्या बीपीला ते परवडायचं नाही. टोपात घालूच नको, तुझ्या आणि दादाच्या वाडग्यात वरून घाल, बाबांना लिंबू. बाबा, फोनवर वाद नको.

वाढताना तळाशी नूडल्स, त्यावर मांस, पात, कोथिंबीर, आणि परसातल्या लिंबाची कोवळी पानं, मधली शीर काढून केसासारखी बारीक चिरून. लिंबाचं पान आणि उकडलेली कोंबडी ही इथली पक्की जोडी आहे, हा वास आला की मला भूक नसताना भूक लागते. मग उकळतं सूप वरून. आधी नुसतं सूप चमच्याने चाखायचं, मग लिंबू-मिरची. साऊथला, म्हणजे सायगावकडे, सोबत मोड आलेले मूग, तुळशीसारखी पानं आणि गोड काळा सॉस असतं. १९५४ साली देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक तिकडे गेले, फो पण सोबत गेला आणि तिकडच्या हवेला लागला. बा ला हे गोड प्रकरण अजिबात पटत नाही.

बाबांसाठी एक किस्सा. युद्धात आणि नंतरच्या रेशनच्या वर्षांत सरकारी दुकानातल्या फोमध्ये मांसच नसायचं, नुसतं पाणी आणि नूडल्स. तेव्हा अमेरिकेची बिनपायलटची टेहळणी विमानं डोक्यावरून फिरायची, तर लोक त्या वाडग्याला बिनपायलटचा फो म्हणायला लागले. बा अजून हे सांगताना हसते, आणि मग माझ्या वाडग्यात मांसाचा अजून एक तुकडा टाकते.

उरलेलं सूप गाळून डब्यात, पण फ्रीजरच्या भरवशावर राहू नका, लाइट गेले की गेलं, दोन दिवसांत संपवा. आणि आई, मला चक्रीफूल पाठवू नको हां. इथे चीनच्या सीमेवर लांग सोनला त्याची जंगलंच्या जंगलं आहेत, आपल्याकडे येणारं बहुतेक इथूनच येतं, तुझ्या डब्यातलंही त्यातलंच असेल. कोकम पाठव, आणि कुळथाचं पीठ.

रविवारी करा, दादा घरी असतो, कोंबडी आणायचं काम त्याचं. टोप गॅसवर चढला की व्हिडिओ कॉल लावा, उकळी किती बारीक ठेवायची ते बघून सांगते.

तुमची,
बाय