पाहुणे गेल्यावर काय उरले, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शेजारच्या देशाचा पंतप्रधान दिल्लीत आला किंवा आपला तिकडे गेला, की दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर हस्तांदोलनाचा फोटो असतो. मग आठवडाभरात याच सदरात कुणीतरी विचारतो, ‘या दौऱ्यांतून सामान्य माणसाला काय मिळाले?’ प्रश्न रास्त आहे. त्यावर माझ्या धंद्यातून जे दिसते ते लिहितो.

मी बोदवडला रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, दलाली करतो. सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याची रुईची गाठ आणि सूतगिरणीचा खरेदीदार यांची सांगड घालून देणे, एवढेच माझे काम. बांगलादेशात कापूस नावापुरता पिकतो, पण त्यांच्या निर्यातीच्या कमाईत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे. म्हणजे तिथल्या गिरण्यांना लागणारी जवळजवळ सगळी रुई बाहेरून येते, आणि सर्वांत जवळचा मोठा कापूसवाला देश आपणच. आपल्याकडची गाठ जहाजाने चितगावला उतरते, नाहीतर ट्रकने बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्यावरून जाते. तिकडून मागणी निघाली की इथे खंडीचा (रुई ज्या मापाने विकतात त्याचा) भाव हलतो, आणि खंडी हलली की जामनेर, मुक्ताईनगर, बोदवडच्या शेतकऱ्याच्या कापसाचा क्विंटलचा भाव हलतो. म्हणून ज्याने आयुष्यात भुसावळच्या पुढे प्रवास केला नाही, तोही मला विचारतो, ‘नाना, ढाक्याचं काय म्हणतंय?’

ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला आणि पेट्रापोलचा व्यवहार काही दिवस ठप्प झाला. तो लवकर सुरू झाला, पण मने साफ झाली नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांवरून भारतीय सूत घेणे बंद केले. पुढच्याच महिन्यात आपण त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरचा रस्ता बंद केला आणि न्हावाशेवा व कोलकाता ही दोन बंदरे तेवढी उघडी ठेवली. आधी कोण चुकले, यावर बाजार समितीच्या आवारात भरपूर वाद झाले. मला त्यात पडायचे नाही. सूत अडले की सूतगिरणी हात आखडते, सूतगिरणीने हात आखडला की जिनिंगमध्ये गाठी पडून राहतात, आणि ज्याने सोने गहाण ठेवून बियाणे-खते भरली त्याला पडत्या भावात माल काढावा लागतो. ‘त्यांच्याशी बोलूच नका’ असे म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे. गोडी असताना एकमेकांकडे कुणीही जातो. बोलणे अडते तेव्हाच जाण्याची खरी गरज असते.

एका भेटीतून काही होत नाही, हेही तितकेच खरे आहे. मला सर्वांत मोलाचे उदाहरण वाटते ते छिटमहलांचे. कूचबिहारच्या आसपास भारताचे १११ तुकडे बांगलादेशाच्या पोटात होते आणि त्यांचे ५१ आपल्या पोटात. तिथे राहणाऱ्यांना आपल्याच देशात जायला परका देश ओलांडावा लागे. सरकारी शाळा नाही, वीज नाही, मत नाही, पोलीस ठाणे नाही. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी हे तुकडे एकमेकांना देऊन टाकण्याच्या सीमा करारावर सह्या केल्या. त्याचाही फोटो छापून आला असेल. पुढे मुजीब गेले, इंदिराबाई गेल्या, आणि फाइल राहिली. २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा त्या कराराला जोडकरार झाला. मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाली, जूनमध्ये नरेंद्र मोदी ढाक्याला गेले आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री गावे बदलली. पन्नास हजारांहून अधिक माणसांना एका रात्रीत देश मिळाला. याला लागली ४१ वर्षे. एका पक्षाच्या पंतप्रधानाने सुरू केलेले काम दुसऱ्या पक्षाच्या पंतप्रधानाने तडीला नेले, आणि शेवटच्या मतदानात संसदेत कुणी त्याला आडवे गेले नाही. आपल्या राजकारणात इतके चांगले फार थोड्या वेळा घडते. ते मराठी वाचकाला ठळकपणे सांगायला हवे होते.

आमच्याच तालुक्यातल्या नाडगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या, याचा आम्हाला अभिमान आहे. भूतानच्या राजांच्या राज्याभिषेकाला नोव्हेंबर २००८ मध्ये त्या थिंफूला होत्या. मे २०१० च्या चीन दौऱ्यात त्यांनी लोयांग इथे भारतीय धाटणीच्या बौद्ध मंदिराचे उद्घाटन केले. असे दौरे मान राखतात, ओळख वाढवतात आणि ते व्हायलाच हवेत. पण मंदिराने सीमा शांत राहत नाही. जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. त्यानंतर लष्करी अधिकारी आणि परराष्ट्र खात्याची माणसे फेरीमागून फेरी बसत राहिली, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२४ मध्ये गस्तीबाबत समझोता झाला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवरची वाट पुन्हा खुली झाली. त्या फेऱ्यांना बसलेल्यांची नावेही कुणाला माहीत नाहीत. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

पाकिस्तानचे नाव काढले की बोलणे संपते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले आणि तीन महिन्यांत कारगिल झाले. ज्यांच्या घरचा जवान परत आला नाही, त्यांच्यासमोर मी मैत्रीचे गोडवे गाणार नाही. तरी एक गोष्ट सांगतो. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी इस्लामाबादला गेले असताना एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्या करारानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरच्या जानेवारीत दिली, पुलवामानंतरच्या जानेवारीतही दिली. प्रेम नाही, विश्वास नाही, तरी कागद जातो आणि कागद येतो. त्या एका भेटीचे एवढे जरी उरले असेल, तरी तो प्रवास फुकट गेला असे मी म्हणणार नाही.

धीर सुटणाऱ्यांना एक घरचे उदाहरण देतो. तापीचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेची चर्चा रावेर-यावलचा शेतकरी वर्षानुवर्षे ऐकत आला. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशचा त्यावर करार झाला तो १० मे २०२५ रोजी, भोपाळला. एकाच देशातल्या, एकमेकांना लागून असलेल्या दोन राज्यांना एवढा काळ लागतो. परक्या देशाकडून एका दौऱ्यात सगळे मिळावे, ही अपेक्षा धरता येत नाही.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे. दौरा झाला की फोटो जरूर छापा, पण संयुक्त निवेदनात काय ठरले तेही सोप्या मराठीत छापा. कोणता नाका उघडला, कोणता माल सुटला, व्हिसाचे काय झाले, कोणती समिती कधी बसणार, हे वाचकाला कळू द्या. आणि वर्ष उलटले की त्याच निवेदनाकडे परत जाऊन पाहा. सरकार कुणाचे आहे ते न पाहता पाहा. इथल्या कापूसवाल्याला, कांदेवाल्याला, केळीवाल्याला त्या बातमीचा रोजच्या व्यवहारात उपयोग होईल.

सुरुवात गंगेपासून करता येईल. १२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी केलेल्या गंगा पाणीवाटप कराराची ३० वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. जानेवारी ते मे या काळात गंगेवरच्या फरक्का बंधाऱ्याला येणारे पाणी दर दहा दिवसांच्या हिशेबाने वाटायचे, आणि ते ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे, असे त्यात ठरले आहे. ते मोजायला दोन्ही देशांचे अभियंते फरक्क्याला आणि पलीकडे हार्डिंज पुलाजवळ उभे राहतात. आपला एक वार्ताहर तिथे पाठवा. त्या अभियंत्यांशी बोलून, ते पाणी कसे मोजतात आणि वाद झाला तर काय करतात, ते आमच्यासाठी लिहवून घ्या.

आपला,
एक रुई दलाल,
बोदवड, जि. जळगाव