ती ग्रोमेटं आमच्याच प्रेसची

प्रिय पिंट्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी "बघतो, सांगतो" म्हणून ठेवून दिला, तुला वाटलं असेल गडी कामात आहे. कामात नव्हतो मर्दा, काय बोलावं तेच सुचेना. म्हणून आता रात्री साडेअकराला टाइप करत बसलोय, लांबड लागणार आहे, चहा घेऊन बस.

आधी मुद्द्याचं सांगतो. तुझ्या ड्रिपच्या पाइपला भोक पाडून नळी जोडतात तिथं पाणी गळू नये म्हणून बसवायची ती रबरी कडी, ग्रोमेट, फुटली म्हणून तू ज्यांना शिव्या घालत होतास ना, ती ग्रोमेटं आमच्या इथलीच आहेत. कुपवाड एमआयडीसीतली. तू पाठवलेल्या फोटोत कडेला जो बारका आकडा उठलाय तो साच्याचा नंबर आहे, आणि तो साचा दोन वर्षांपूर्वी मीच रबर दाबायच्या प्रेसवर चढवलेला. पिशवी वेगळी, वरचं नाव वेगळं, पण आतला माल आमचा. आबा म्हणाले ना "रबर हाय का चिखल", ते ऐकून मी हसलो पण होतो फोनवर. त्या हसण्याची लाज वाटतीय.

आता झालं काय ते सांगतो. तू फोनवर बोलता बोलता एक गोष्ट अशीच सांगून गेलास, की बांधाकडची सबमेन, म्हणजे ओळींना पाणी देणारा मोठा पाइप, वर उघडी आहे तिथलीच ग्रोमेटं फुटली, आणि मधली जी मातीत गाडलेली आहे तिथलं एकही नाही. तुला ते किरकोळ वाटलं, मला तिथंच अर्धं कोडं सुटलं. मग फोटो मोठा करून बघितला तर चिरा मधल्या भोकापासून बाहेर गेलेल्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. उन्हानं नुसतं वाळलं असतं तर सगळीकडं आडव्यातिडव्या भेगा दिसल्या असत्या. आऱ्यांसारखी चीर म्हणजे ओझोन. टेकऑफ, म्हणजे ओळीची नळी जोडायचा तुकडा, आत ठोकला की ग्रोमेटचं भोक ताणतं, ताण गोल गोल बसतो, आणि ओझोनची चीर कायम ताणाला काटकोनात पडते. हवेत ओझोन असतो किती, शंभर कोटी भागांत पंचवीस-पन्नास भाग, पण ताणलेल्या रबराला तेवढा बास होतो. न ताणलेल्या रबराचं तो फारसं काही करत नाही, वरची साय खातो आणि थांबतो. ताण असला की चीर उघडते, आत नवीन रबर दिसतं, ते खातो, अजून उघडते, असं चालूच. आबांची ट्रॉली वर्षातले अकरा महिने उभी असते तरी टायरला कडेनं भेगा, ते ह्याच्यामुळंच.

आता हे रबरच का, आणि तुझी लॅटरल, म्हणजे ओळीतली बारीक नळी, का नाही? लॅटरल पॉलिथीनची, तिच्यात 2 ते 2.5 टक्के कार्बन ब्लॅक घातलेला असतो, तो ऊन स्वतः पितो आणि प्लास्टिकला वाचवतो, म्हणून तर ती काळी. आणि पॉलिथीनच्या साखळीत ओझोनला तोडायला जागाच नसते. नैसर्गिक रबराच्या साखळीत मात्र ठरावीक अंतरावर दुहेरी बंध असतात, ओझोन बरोबर तिथं घाव घालतो. तुझ्या द्राक्षाच्या मांडवाची मुख्य तार तुटली तर अख्खी ओळ खाली बसते, तसं. ईपीडीएम म्हणून एक रबर आहे, त्यात दुहेरी बंध असतात पण मुख्य साखळीत नाही, बाजूला फुटव्यासारखे लटकलेले. ओझोननं फुटवा खुडला तरी तार शाबूत. म्हणून उघड्यावर राहणाऱ्या मालाला ईपीडीएम वापरतात, गाडीच्या दाराची रबरं बघ, वर्षानुवर्षं उन्हात असतात.

आमचं ग्रोमेट आधी ईपीडीएमचंच होतं. मग मध्ये भाव वाढले, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं, आणि कंपाउंड बदललं. नैसर्गिक रबर, थोडं एसबीआर म्हणजे कारखान्यात बनवलेलं रबर, बरंचसं रिक्लेम, म्हणजे जुन्या टायरचं परत मऊ केलेलं. वरून वॅक्स म्हणजे मेण, आणि 6पीपीडी म्हणून ओझोनपासून वाचवणारं रसायन टाकायचं होतं, रेसिपीत मी लिहिलेलं पण होतं, ते "बघू नंतर" म्हणून कापलं गेलं. शेठनं कापलं हे खरं, पण टेस्ट रिपोर्टवर सही माझी आहे. आणि रिपोर्ट पास होता, हेच तर दुखतंय.

पास कसा झाला ते ऐक. आम्ही पट्ट्या ओव्हनमध्ये 70 डिग्रीला 7 दिवस टांगल्या, नंतर ताणून बघितलं, हार्डनेस बघितला, सगळं बसलं. आता एक ढोबळ हिशेब असतो, 10 डिग्री वाढलं की रबर म्हातारं व्हायचा वेग साधारण दुप्पट. 30 पासून 70 पर्यंत चार वेळा दुप्पट, म्हणजे 16 पट. 7 गुणिले 16, 112 दिवस. चार महिने पण नाही रे! आणि आम्ही दुकानदाराला पाच वर्षं टिकेल म्हणून सांगत होतो. त्यात पट्टी ओव्हनमध्ये निवांत लटकलेली, ताण नाही, ओझोन नाही, तू ड्रिपला देतोस ती ॲसिड ट्रीटमेंट नाही. उष्णतेला विचारलं, उष्णतेनं उत्तर दिलं. ओझोनची खरी टेस्ट वेगळी असते, पट्टी 20 टक्के ताणून 40 डिग्रीला बंद पेटीत ठेवतात, ओझोन हवेतल्यापेक्षा कितीतरी जास्त सोडतात आणि भिंगातून चीर शोधतात. ती पेटी आमच्याकडं नाही, बाहेर पाठवायला पैसे लागतात, मग कोण पाठवतंय.

तर मी आता माझ्या गच्चीवर गावठी संशोधन चालू केलंय, घरचे हसतात. लाकडी फळीवर पट्ट्या वाकवून दोन्ही टोकं खिळ्यांनी ठोकल्यात, वरचा फुगवटा ताणात राहतो. चार प्रकार ठेवलेत. आमचं सध्याचं, त्यातच वॅक्स घातलेलं, वॅक्स आणि 6पीपीडी दोन्ही घातलेलं, आणि ईपीडीएम. सध्याच्याला तिसऱ्याच आठवड्यात भिंगाखाली केसासारख्या चिरा दिसल्या. नुसत्या वॅक्सवाल्याचं मजेशीर आहे, वॅक्स आतून वर येतं आणि पातळ थर धरतं, आमच्यात त्याला ब्लूम म्हणतात, तुमच्या द्राक्षावरचा लस्टर असतो ना अगदी तसं, बोट लावलं की पुसलं जातं. जिथं माझ्या पोरानं बोटं लावली बरोबर तिथंच चीर आली, मी त्याला ओरडलो आणि मग वाटलं ह्यानं तर मला फुकटात रिझल्ट दिला. 6पीपीडीवालं अजून टिकून आहे पण त्याचं पण एक लफडं आहे, टायर झिजून ते रस्त्यावर पडतं, ओझोनशी जुळून त्याचं क्विनोन नावाचं दुसरंच रसायन होतं, आणि 2020 साली अमेरिकेत सिएटलकडच्या लोकांनी शोधून काढलं की ओढ्यातले कोहो सॅल्मन मासे त्यानंच मरत होते. म्हणजे आपल्या पाण्याच्या लायनीत ते असावं का, मला तरी नको वाटतं. ईपीडीएमला काहीच झालेलं नाही.

आणि एक तुला आवडेल असं. हे सगळं टिकवायचं काम करतंय ते गंधक, द्राक्षाच्या भुरी रोगावर तू जे मारतोस तेच. कच्चं रबर म्हणजे शिजलेल्या शेवया, ओढलं की लांबतं, परत येत नाही. 1839 मध्ये गुडइयर नावाच्या माणसाला अमेरिकेत कळलं की गंधक घालून तापवलं की शेवयांना एकमेकींशी गाठी बसतात. गंधक जास्त घातलं तर गाठी लांब पडतात, रबर वाकायला छान पण उष्णतेत गाठी सुटतात. गंधक कमी आणि अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे गाठी लवकर बसवणारं रसायन, जास्त घेतला की गाठी आखूड, उष्णतेला चांगल्या. आम्ही हे आतापर्यंत फक्त क्युरिंगचा, म्हणजे साच्यात रबर शिजवायचा, वेळ वाचवायला बघत होतो, दीडशे डिग्रीला किती मिनिटांत साचा उघडता येईल एवढंच. नवीन ग्रोमेटला मी आखूड गाठीचं घेतलंय, गोंधळ नको म्हणून रेसिपी वहीत लिहून शेठची पण सही घेतली ह्या वेळी.

शेठला तुझा फोटो दाखवला. पाच मिनिटं गप्प होते. ईपीडीएमवर परत जाऊ म्हणाले, भाव वाढवून. विकलं जाईल का माहीत नाही, शेजारचा रिक्लेमवालं स्वस्तात देतोय आणि दुकानात पिशवी बघून कुणाला काय कळतंय.

तुझ्यासाठी गुरुवारी 60 नग काढलेत, पैसे भरून, चोरून नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं मणेराजुरीला येतो, आपण दोघं दुपारपर्यंत बदलू, खरड छाटणीनंतरचं पाणी चुकायला नको. बसवताना तू मागं ऑइल लावत होतास ते ह्याला अजिबात नको, ईपीडीएम ऑइलनं फुगतं, साबणाचं पाणी लाव. आणि फुटलेली ग्रोमेटं फेकून देऊ नकोस, गाडलेल्यातली पण चार-पाच काढून ठेव, पिशवीवर कुठल्या ओळीतली ते पेननं लिही, मला गच्चीवरच्या पट्ट्यांशी जुळवून बघायचीत.

आबांना हे मीच सांगतो, तू आधी काही बोलू नकोस. काकूंना म्हणावं भाकरी टाका, ठेचा पण.

तुझाच,
बंड्या