पकडीच्या दोन खुणा

कराड,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुन्या,

दिवाळीला फोन करतो म्हणालो होतो. ती दिवाळी गेली, पुढचीही गेली. शिव्या राखून ठेव, आधी हे वाच. आई ठीक आहे, माझी शुगर होती तिथंच आहे. पण परवा आपल्या दोघांचा एक जुना गुन्हा उघडकीला आला आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

झालं असं, की हिला बाथरूमच्या नळाचा शॉक बसला. गिझर चालू, हात ओला. मागं फेकली गेली म्हणून वाचली. कोपर सुजलंय, बाकी काही नाही. मी धावत गेलो तर आई दारात उभी. घाबरलेली वगैरे अजिबात नाही, खटला जिंकल्यासारखी. "आता म्हण वात!" वीस वर्षं ती सांगत होती की वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. आम्ही तिला गोळ्या सुचवत होतो. तूसुद्धा! बाबांच्या वर्षश्राद्धाला आलास तेव्हा "काकू, बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या" कोण म्हणालं होतं? शेवटी तिनं मशीनपुढं लाकडी पाट टाकला आणि त्यावर उभी राहून कपडे काढायला लागली. घरात एवढं एकच माणूस शहाणं होतं.

मग परवानाधारक वायरमन आणला. काटकुळा, कमी बोलणारा. "मीटरपर्यंतचं वीजवाल्यांचं, पुढचं सगळं तुमचं," एवढं आधीच सांगून मोकळा झाला. किटकॅट, म्हणजे फ्यूजचा चिनी मातीचा ठोकळा, ओढून काढलं तर आत बारीक फ्यूज वायरच्या जागी वायरिंगच्या तीन-वीस वायरीचा जाडजूड पीळ. बाबांचं काम. सारखा फ्यूज उडतो म्हणून कायमचा बंदोबस्त! वायरमन म्हणाला, "घर जळेल साहेब, पण हा जळायचा नाही." मेगर, म्हणजे वायरीचं आवरण धड आहे का ते मोजायचं यंत्र, लावला तर स्वयंपाकघराची लाइन ०.३ मेगाओम, निदान १ तरी हवी म्हणे. पट्टीतल्या वायरीचं आवरण बोटानं चोळलं की भुगा होत होता.

नंतर त्यानं टेस्ट लॅम्प काढला. म्हणजे काय, होल्डरमध्ये १०० वॉटचा बल्ब आणि दोन वायरी. फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख. फेज आणि अर्थला लावला, काही नाही. दुसऱ्या सॉकेटला लावला, काही नाही. "घराला अर्थिंगच नाही." मी म्हटलं, असं कसं, बाबांनी आडाजवळ खड्डा खणून घेतलेला मला आठवतोय. आणि हे बोलता बोलताच, सुन्या, पोटात गोळा आला.

मागं गेलो. अडुळशाच्या फांद्या बाजूला केल्या. मीटरपासून भिंतीवरून उतरलेली तांब्याची तार कमरेएवढ्या उंचीवर येऊन संपलेली. त्यानं हिरवं पडलेलं टोक अंगठ्यानं घासलं. "तुटलेली नाही, कापलीय. हे बघा, पकडीचे दोन दाब. एकदा घसरलीय, दुसऱ्यांदा बसलीय."

घसरलेला माझा, बसलेला तुझा. इतकी वर्षं तू मला सांगत आलास, "कापली तूच, मी नुसता राखण करत होतो." आता पुरावा आहे. ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूर. चेतन शर्मानं ओळीनं तिघांचे त्रिफळे उडवले आणि दुसऱ्या दिवसापासून तुला टेनिस बॉल हातात धरवेना, लेदरचाच पाहिजे. तुझ्या अण्णांची पकड, आमची तार, भंगारवाल्याचे अकरा रुपये. बॉल तिसऱ्याच दिवशी त्याच आडात गेला. तू फुल टॉस टाकलास म्हणून गेला, हे मी आजही म्हणेन.

वायरमननं समजावलं ते ऐकवत नव्हतं. अर्थ असता तर गिझरची गळती तारेनं जमिनीत गेली असती. नाही म्हणून ती पत्र्यावर, नळावर बसून राहते आणि ओल्या पायानं हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. त्या घरात बाबा रोज आंघोळ करायचे रे. माझी पोरं त्या बाथरूममध्ये खेळत मोठी झाली.

आई पाठीमागं येऊन ऐकत होती. "तांबं चोरणारे मेले भुरटे! हात झडोत त्यांचे." अर्धा तास चाललं होतं. मी वायरमनला चहा गाळत होतो, निम्मा कपाबाहेर गेला. त्या शापात निम्मा वाटा तुझा, साडेपाच रुपयांच्या हिशोबानं.

आता नवा खड्डा झालाय. खाली प्लेट, त्यावर कोळसा आणि मीठ थराथरानं. ओल धरून राहते. "एवढं मीठ मी वर्षाच्या लोणच्याला नाही घातलं," ही आई. उन्हाळ्यात पाणी ओतायचं काम तिनं स्वतःकडं घेतलंय. गिझर भंगारात, वायरिंग निम्मं बदललं, ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवली. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं. आई रोज दाबते, तेही हिची मालिका रंगात आल्यावर.

तुझ्या गुडघ्याचं कळलं होतं, यायला हवं होतं. चिऊच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींना नमस्कार. आणि तुमचं इंदूरचं घरही जुनंच आहे ना? तो बल्ब लावून बघायला सांग कुणा जाणत्याला, तू स्वतः हात घालू नकोस.

आईला अजून सांगितलेलं नाही. तारेचा तो तुकडा तिनं देवळीत ठेवलाय, चोर सापडला तर दाखवायला. एकट्याला सांगायचं धाडस नाही माझं, मे महिन्यात ये. अण्णांची पकड असेल तर तीही आण.

तुझा,
बाळ्या