लेखात दुभाष्या कुठे आहे?

महोदय,

दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेत काम करणाऱ्या लष्करी अभियंत्यांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा अभिमानानं आणि दुसऱ्यांदा एक शब्द शोधत. बोरचे कोरियन अभियंते लेखात आहेत. बेंटिऊला पुरापासून विस्थापितांच्या छावण्या वाचवणारे बांध राखणारे पाकिस्तानी अभियंते आहेत (त्यांना श्रेय दिलंत हे योग्य केलंत, ते काम मोठंच आहे). मालकालची भारतीय तुकडीही आहे. डोझर, ग्रेडर, रोलर, सगळं आहे. पण पानभर मजकुरात दुभाष्या एकदाही नाही.

मी मालकालला वर्षभर होतो. तिथं सरकारी कामकाज इंग्रजीत, बाजारात अरबी, आणि गावागावांत शिलुक, डिंका नाहीतर नुएर. आमच्यातल्या एकालाही गावची भाषा येत नव्हती. मग आम्ही रस्ता कुठून नेणार, खडी कुठे टाकणार, हे लोकांना कोण सांगत होतं? लेखकानं हा प्रश्न कुणालाच विचारला नाही, याचा मला राग आला.

दुभाष्याशिवाय चालला असा एकच शब्द मला आठवतो: मुरूम. तिकडे 'मरम' म्हणतात, मालही जवळपास तोच. जमीनसुद्धा आपल्या मराठवाड्यासारखी काळी. उन्हात भेगाळते, पावसात चाक आसापर्यंत गिळते. त्यामुळे ही माती मला कळते, असं मी धरून चाललो होतो.

एका गावाजवळ रस्त्याचा भराव उंच करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ म्हातारे डोझरपुढे येऊन बसले. आम्हाला वाटलं, यांना रस्ता नको आहे, किंवा पैसे हवे आहेत. आमच्याबरोबरचा दुभाष्या विशी-बाविशीचा, त्याच भागातला पोरगा. हुद्दा 'लँग्वेज असिस्टंट'. गाडीतून उतरून तो त्यांच्यात उकिडवा बसला आणि दीड तास बसूनच राहिला. आमचे साहेब घड्याळ बघत होते. मीही चिडलो होतो, हे कबूल करतो.

परत आला तेव्हा त्यानं सांगितलं, त्यांना रस्ता हवाच आहे. पण पुराचं पाणी इथून आडवं जातं. तुम्ही भराव घातलात की तो बांध होईल आणि पाणी आमच्या घरांत आणि गुरांच्या तळावर शिरेल. आम्ही लेव्हल लावून उतार काढला होता तो कोरड्या दिवसांत. जमीन इतकी सपाट की उतार डोळ्यांना दिसतच नाही. म्हाताऱ्यांनी मात्र कितीतरी पूर पाहिलेले. साहेबांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. आम्ही तिथं भरावाखालून पाणी जायला तीन पाइप जास्तीचे टाकले. सप्टेंबरात पाणी त्याच जागेवरून गेलं.

मी खडकीत शिकलेलं तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचो. ते त्या पोरानं नीट करून शिलुकमध्ये सांगितलं, आणि म्हाताऱ्यांचा राग शिवीगाळ न वाटता आमच्यापर्यंत आणला. हे भाषांतरापेक्षा फार जास्त आहे. शिवाय आमची मुदत संपली की आम्ही विमानात बसून घरी येणार. तो तिथलाच. परक्या फौजेबरोबर फिरला म्हणून कोण काय म्हणेल, हे त्यालाच निस्तरायचं होतं.

त्या कामाचा अहवाल मी लिहिला. किती मीटर भराव, किती ट्रक मुरूम, किती डोझर-तास, किती पाइप. पाइप का वाढले, यापुढे मी लिहिलं 'जागेवरील पाहणीनुसार'. त्या मुलाचं नाव लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता, पण कागदाला समास होता. ही चूक माझी आहे. ती मला अजून टोचते, आणि तुमच्या लेखात तीच पुन्हा छापून आलेली पाहिली म्हणून हे पत्र. लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचं तळाशी छापलं आहे. कृपया लेखकाला सांगा, त्या मोहिमेतल्या एखाद्या तरी दुभाष्याशी बोलून मग लिहावं.

आणखी एक. लेखात दोन ठिकाणी 'मुंबई सॅपर्स' छापलं आहे. शहराचं नाव बदललं, आमच्या लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचं नाही. ते 'बॉम्बे सॅपर्स' असंच लिहावं.

– एक निवृत्त सुभेदार, खडकी, पुणे