मनूस पत्र: एकटीने उचलू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

नाइट संपवून आलीस आणि कंबर धरली, हे तू हसत सांगितलंस आणि लगेच विषय बदललास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका, वजन अंगाशी घ्या. बॉडी मेकॅनिक्सचा हा धडा तुला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून पाठ आहे. तो खोटा नाही, अपुरा आहे. उचलायची रीत नुसती शिकवून पाठदुखी टळत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. धड्यातलं वजन खोक्याचं असतं. पेशंट घसरतो, घाबरून आपल्या गळ्यात हात टाकतो, आणि सलाइन नि कॅथेटर सांभाळत आपण कॉटवर ओणव्या असतो. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही खोक्याची मर्यादा २३ किलोच आहे. माणूस हाताळताना ती १६ किलोच्या आसपास धरावी, असं तिथल्याच संशोधकाने २००७ मध्ये सुचवलं. तुझ्या आयसीयूत १६ किलोचा पेशंट कोण आहे गं? आणि बेडसोर होऊ नये म्हणून कूस तर दर दोन तासांनी बदलायची!

तेव्हा तू नीट वाकत नाहीस म्हणून कंबर गेली, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. एकटीने ओढतेस, म्हणून गेली. वॉर्डबॉय मामा चहाला गेले असतील तर थांब. दहा मिनिटं उशिरा कूस बदलल्याने काही बिघडत नाही. जिवावरची वेळ आली तर गोष्ट वेगळी, पण पेशंटला उशीकडे वर सरकवणं ही तशी वेळ नव्हे.

कॉट आधी कंबरेएवढी वर घे. हँडल फिरत नसेल तर रजिस्टरला नोंद कर, तोंडी सांगून काही होत नाही. ब्रेक लाव. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर डोक्याकडची बाजू सपाट कर, नाहीतर पेशंटला चढावर ओढावं लागतं. शुद्धीवर असेल त्याला गुडघे दुमडून टाचांनी रेटायला सांग. पुष्कळांना जमतं, आपणच विचारत नाही. मग दोघींनी दोन बाजूंनी ड्रॉशीट, म्हणजे पेशंटखालची आडवी चादर, गुंडाळून अंगाजवळ धरा आणि एक-दोन-तीन म्हणून सरकवा. उचलू नका. स्लाइडशीट, ती सरकवायची गुळगुळीत चादर, मागून घे. सुई लावताना स्टूल ओढून बस.

एक गोष्ट मनाला पटायला जड जाते. चालता चालता पेशंट कोसळू लागला तर त्याला झेलू नकोस. डोकं सांभाळत, आपल्या अंगाच्या आधाराने हळूहळू खाली बसू दे. झेलायला गेलं की दोघं पडतात.

आता दुखतंय त्याचं. अंथरूण धरू नकोस, जमेल तेवढी चालत राहा, शेक घे. गोळी डॉक्टरांना विचारूनच, तुला ॲसिडिटी आहे. मावशी कंबरेचा बेल्ट आणून देईल, तो तिच्या समाधानापुरता ठेव. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत नेहमीच्या उपचारात बेल्टही नको आणि ट्रॅक्शनही (कंबर ताणून धरणं) नको असंच म्हटलंय. उगीच एमआरआय करायलाही धावू नकोस. काही दुखत नसलेल्यांच्या मणक्यांतही गादी सरकलेली दिसते. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. पुन्हा उद्भवू नये म्हणून खरा उपयोग नियमित व्यायामाचा. तो मात्र तू टाळतेस, मला ठाऊक आहे.

पण लघवी अडली किंवा आपोआप झाली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर ड्यूटी सोडून त्याच क्षणी कॅज्युअल्टीत जा. ताप असेल किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तरी दाखवायला उशीर करू नकोस.

आणि इन्चार्ज सिस्टरना लेखी दे: दुखणं कधी सुरू झालं, कुठल्या कामात, त्या वेळी जोडीला कोण होतं. नवी पोरगी लगेच कुरकुरते म्हणतील. म्हणू देत. नाइटला किती पेशंटमागे किती माणसं असतात, तेही त्यात घाल. त्याशिवाय जास्तीचा माणूस मिळत नाही. मसुदा मी करून देते, असे अर्ज नोकरीत पुष्कळ लिहिलेत. कधी देतेस तेवढं कळव.

तुझी,
आई