फळीच्या मागच्या बाजूबद्दल आभार

ती. काका, सा. न.

शेडच्या भिंतींना बाहेरून लाकडी फळ्या लागल्या, चौकटीच्या पट्ट्या बसल्या, प्रायमरही झाला. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

बहुतेक जण फळ्या ठोकून मोकळे होतात आणि मग बाहेरून प्रायमर मारतात. तुम्ही आधी प्रत्येक फळी घोडीवर (लाकूड आडवं ठेवायच्या स्टँडवर) घ्यायला लावलीत: पुढून, मागून, दोन्ही कडांना प्रायमर. मागची बाजू कोरी राहिली की ती ओलावा पिते, पुढची पीत नाही, आणि फळी पन्हळीसारखी वाकते. कापलेलं टोक तर सगळ्यांत तहानलेलं, कारण लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या पडतात. म्हणून करवतीशेजारी कायम प्रायमरचा डबा आणि एक जुना ब्रश. कोऱ्या टोकाची एकही फळी तुम्ही भिंतीवर चढू दिली नाहीत.

खिळ्यांवरून तर तुम्ही हटूनच बसलात. वरची फळी खालचीवर निदान 25 मिलिमीटर चढलेली हवी, पण खिळा त्या चढाच्या जरा वर, एकाच फळीतून जाणारा. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र हवेप्रमाणे फुगतं-आकसतं. दोन फळ्या एका खिळ्यात अडकल्या की तडा जायचाच. खिळे स्टेनलेस स्टीलचेच, कारण साध्या लोखंडाची या सीडरच्या लाकडातल्या टॅनिन नावाच्या द्रव्याशी गाठ पडली की काळे ओघळ उतरतात. माझं खर्चाचं रडगाणं तुम्ही ऐकूनही घेतलं नाहीत. बरं केलंत.

दारावरच्या पट्टीच्या डोक्यावर पाणी बाहेर वळवायला झेड आकाराचा पत्रा, तळाची फळी जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर, हे सगळं पटापट झालं. फटी बुजवायच्या सिलंटची बंदूक मात्र तुम्ही फळ्यांच्या चढाजवळ फिरकू दिली नाहीत. आत शिरलेलं पाणी त्या फटीतूनच बाहेर पडतं, ती बुजवायची कशाला? (डब्यावरच्या सूचना शेवटपर्यंत वाचणारा माणूसही मी तुमच्याच रूपात पाहिला.)

प्रायमर म्हणजे रंग नव्हे, तो उन्हापावसात फार दिवस उघडा ठेवायचा नाही, हे तुम्ही जाताना बजावलंत. रंगाचे दोन हात याच आठवड्यात उरकतो. तुम्ही या, पण खुर्चीवर बसून चुका काढायला. तुमचा गुण्या आणि ओळंबा पुसून ठेवलाय, तोही घेऊन जा.

आपला,
शेजारी