मळ्यातल्या गाड्यांना दुपारची वीज हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निफाडजवळच्या आमच्या मळ्यातून रोज पहाटे साडेचारला दुधाचे दोन कॅन घेऊन मी आडगाव नाक्यापर्यंत रतीब घालायला येतो. जाऊन-येऊन ७० किलोमीटर. दीड वर्षापूर्वी पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ऑक्टोबरपर्यंत घरी परतताना २० टक्के चार्जिंग शिल्लक राहायचं. जानेवारीतल्या एका पहाटे सीटवरचं दव फडक्याने पुसून निघालो, तेव्हा द्राक्षबागांमधून शेकोट्यांचा धूर रस्त्यावर उतरलेला होता. त्या दिवशी परतताना मळा ४ किलोमीटरवर असताना गाडी थांबली. रिकामे कॅन लावलेली गाडी घरापर्यंत ढकलत नेली.

गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, हे आता कळलं. विकताना कोणी सांगितलं नव्हतं. आमचं निफाड म्हणजे २०१८च्या डिसेंबरात कुंदेवाडीला पारा २ अंशांच्याही खाली गेलेला तालुका!

लोक म्हणतात, "तुझी गाडीही एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या कोळशावरच चालते." मी हिशेब मांडला. ७० किलोमीटरला दीड लिटर पेट्रोल लागायचं, म्हणजे साधारण साडेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. आता एरवी पावणेतीन युनिट लागतात, थंडीत साडेतीन. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम धरले, तर एरवी दोन किलोंच्या आत, थंडीत अडीच. फायदा कमी होतो, पण राहतो. नॉर्वेसारख्या बर्फाच्या देशात २०२४ मध्ये दहातल्या जवळपास नऊ नव्या मोटारी विजेवरच्या होत्या. पण तिथली वीज बहुतेक पाण्यापासून होते.

आमची अडचण वेगळी आहे. वस्ती शेतीपंपाच्या वाहिनीवर, वीज पाळीने येते. रात्रपाळी असली की ऐन गारठ्यात, उघड्या ओट्यावर, कोळशाच्या विजेवर गाडी चार्जिंगला लावावी लागते. मी साडेनऊला घरी येतो, गाडी संध्याकाळपर्यंत उन्हात नुसती उभी. त्याच वेळी सौरवीज भरपूर असते, बॅटरीही ऊबदार असते.

म्हणून विनंती: मळ्यातल्या वस्त्यांना घरगुती वापरापुरती वीज रोज दुपारी मिळावी. ते होईपर्यंत निफाड, पिंपळगाव, लासलगावच्या बाजार समित्यांच्या आवारात तरी दुपारी गाडी चार्जिंगला लावायची सोय व्हावी. आणि कंपन्यांनी थंडीत गाडी किती किलोमीटर जाते, तो आकडाही विकतानाच लिहून द्यावा.

आपला,
एक दूधवाला, ता. निफाड, जि. नाशिक